प्रवाळाच्या टाकीत पाणी कसं फिरवायचं?

आज बोलू प्रवाहाबद्दल.

मासा खाण्यामागे पोहत जातो. प्रवाळ जागचं हलत नाही. त्याला प्राणवायू आणि खाणं आणून देणं, अंगावरचा चिकट स्राव धुऊन नेणं, ही कामं पाण्यानेच करायची. पाणी संथ राहिलं तर प्रवाळाच्या अंगालगत पाण्याचा पातळ थर अडकून राहतो आणि ही देवाणघेवाण मंदावते.

प्रवाह किती हवा? मऊ प्रवाळांसाठी ढोबळ हिशेब असा: टाकीत जेवढं पाणी, त्याच्या १० ते २० पट दर तासाला फिरलं पाहिजे. म्हणजे २०० लिटरच्या टाकीत २,००० ते ४,००० लिटर. दगडी प्रवाळांना याहून जास्त लागतो. पण भारतात त्यांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षण आहे, तेव्हा ती घरी आणू नका.

मात्र ४,००० लिटरचा एकच पंप लावलात, तर समोरच्या प्रवाळावर सतत झोत बसून त्याचं अंग सोलवटतं आणि खडकामागे घाण साचते. त्यापेक्षा २,००० लिटरचे दोन वेव्हमेकर टाकीच्या दोन टोकांना लावा. दोन्हींचे प्रवाह मध्ये एकमेकांवर आदळू द्या, किंवा टायमरने आळीपाळीने चालवा. समुद्रात लाट येते तशी परतही जाते. प्रवाळाला ती ये-जा हवी असते.

एक वेव्हमेकर किंचित वर, पृष्ठभागाकडे वळवा. पृष्ठभाग हलता राहिला की प्राणवायू पाण्यात चांगला मिसळतो. नागपूर किंवा चेन्नईच्या उन्हाळ्यात हे विसरू नका, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं: वीज गेली तर? दिवे काही तास बंद राहिले तरी प्रवाळ तगतं. पाणी थांबलं, तर प्राणवायू घटत जातो आणि भरलेल्या टाकीत थोड्या तासांत मासे गुदमरू लागतात. म्हणून इन्व्हर्टरवर आधी वेव्हमेकर जोडा. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात तयार ठेवा.

या आठवड्यात एक करून पाहा. चिमूटभर खाद्य पाण्यात सोडा आणि ते कुठे जातं, कुठे अडकतं, ते बघा. जिथे बसून राहील, तिकडे वेव्हमेकरचं तोंड थोडं वळवा. एका वेळी थोडंच वळवा, आणि दोन दिवस प्रवाळ नीट उमलतंय का, ते पाहून मगच पुढचा बदल करा.