सर्जन आहे, भूल कोण देणार?

पुण्यात किंवा दादरला एखाद्या हमरस्त्यावरून सहज फेरफटका मारावा. दोन्ही बाजूंच्या डॉक्टरांच्या पाट्या वाचता वाचता मान दुखू लागते, आणि मानेच्या डॉक्टरांचीही पाटी पुढच्या चौकात सापडते. कानाचे, गुडघ्याचे, हृदयाचे, इतकेच काय, डोळ्याच्या नुसत्या पडद्याचेही निराळे तज्ज्ञ! (हा शब्द ‘तज्ज्ञ’ असा लिहावा, ‘तज्ञ’ नव्हे, हे वर्गात सांगून सांगून माझा घसा बसला, पण घशाचेही तज्ज्ञ आहेतच.) मग देशात तज्ज्ञांची टंचाई आहे म्हणतात ती कुठे?

त्यासाठी तालुक्याच्या गावी जावे लागते. तिथल्या ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयाला सरकारी भाषेत सामुदायिक आरोग्य केंद्र म्हणतात. सपाट मुलखात १,२०,००० लोकांमागे आणि डोंगराळ वा आदिवासी मुलखात ८०,००० लोकांमागे असे एक केंद्र, आणि तिथे चार तज्ज्ञ, असा दंडक आहे. शल्यविशारद, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ. मार्च २०२२ च्या सरकारी आकडेवारीप्रमाणे देशातील ग्रामीण केंद्रांत गरजेच्या मानाने सुमारे ८० टक्के तज्ज्ञ कमी होते.

पण त्या चौघांची नावे पुन्हा एकदा वाचा. यांत भूल देणारा कुठे आहे? रात्री दोन वाजता अडलेली बाळंतीण येते. मूल आडवे आहे, पोट उघडल्याखेरीज सुटका नाही. सुदैवाने स्त्रीरोगतज्ज्ञ बाई हजर आहेत. पण भूल कोण देणार? रुग्णवाहिका जिल्ह्याच्या वाटेला लागते. पुढे सुधारलेल्या नियमांत भूलतज्ज्ञाची जागा आली खरी, पण जागा येणे निराळे आणि माणूस येणे निराळे. भूलतज्ज्ञाची पाटी हमरस्त्यावर सहसा झळकत नाही, रोगीही त्याचे नाव विचारत नाही. गुणवत्ता यादीत वर असलेल्यांचा ओढा क्ष-किरणशास्त्राकडे आणि त्वचारोगांकडे, आणि आपण आईबापही मुलांना तेच सुचवतो ना?

बरे, जागा वाढवल्या नाहीत असेही नाही. २०१४ साली देशात एम्. बी. बी. एस्. च्या सुमारे ५१,००० जागा होत्या, त्या दहा वर्षांत लाखावर गेल्या. पदव्युत्तर जागाही ३१,००० वरून ७०,००० च्या पुढे गेल्या. मात्र डॉक्टर व्हायला साडेपाच वर्षे आणि तज्ज्ञ व्हायला आणखी तीन. यंदा प्रवेश घेतलेली मुलगी साडेआठ वर्षांच्या आत तज्ज्ञ होणे नाही.

दरम्यान सरकारने एक आडवाट काढली. साध्या एम्. बी. बी. एस्. डॉक्टरला १८ आठवडे शिकवून अडलेल्या बाळंतपणापुरती भूल द्यायला तयार करायचे. यावर नाके मुरडणारे पुष्कळ आहेत. हा वाद जुनाच आहे. १९४६ साली भोर समितीने अहवाल दिला तेव्हा देशातल्या सुमारे ४७,५०० डॉक्टरांपैकी जवळजवळ ३०,००० कमी मुदतीचा अभ्यासक्रम केलेले परवानाधारक होते. समितीने ती शिक्षणाची वाट बंद करून एकाच, पूर्ण शिकलेल्या डॉक्टरचा आग्रह धरला. आग्रह उदात्त होता. पण खेड्यात राहणारा डॉक्टर त्याने आपोआप मिळाला नाही.

मला वाटते, चूक डोकी मोजण्यात आहे. सर्जन आणि भूलतज्ज्ञ हे बैलजोडीसारखे. एकट्याने नांगर ओढत नाही. एकटा तज्ज्ञ रात्रंदिवस बांधला जातो, कंटाळतो आणि वर्षाच्या आत शहर गाठतो. त्यापेक्षा दहा ठिकाणी अर्धवट नेमणुका करण्याऐवजी चार ठिकाणी पूर्ण तुकड्या, त्यांच्या परिचारिका, रक्तपेढी आणि राहायची घरे यांसह उभ्या कराव्यात. मात्र मग उरलेल्या सहा ठिकाणच्या बाळंतिणींची वाट लांबते. सातपुड्यातल्या पाड्यावरची बाई पावसाळ्यात ती कशी पार करणार, हे जिल्ह्याच्या नकाशावर आधी ठरवावे लागेल.