पहाऱ्याचे दफ्तर

माळव्यातील आम्हां मराठी घरांची अर्धी पुण्याई तलवारीची आणि अर्धी बोरूची. धारचे पवार, देवासच्या दोन पात्या, इंदूरचे होळकर, ग्वाल्हेरचे शिंदे. दरबार कोणताही असो, दफ्तर आमच्या हाती. माझे आजोबा संस्थानी पोलिस कचेरीत कारकून होते. पुढे मनावरला मान नदीच्या काठी येऊन राहिले. लिहिलेले कधी फुकट जात नाही, असे ते म्हणत.

या म्हणण्याचा खरा अर्थ मला एका सरकारी ग्रंथाने शिकविला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि अस्पृश्यांची चळवळ यांविषयीच्या साधनसामग्रीचा पहिला खंड महाराष्ट्र सरकारने 1982 साली प्रसिद्ध केला. चरित्र म्हणून हाती घ्यावा, तर आत वर्तमानपत्री बातम्यांच्या शेजारी इंग्रजी अमलातील गुप्त अहवाल! सभेला पोलिसांचा माणूस वही घेऊन बसे. कोण आले, किती जमले, कोण काय बोलले, ते टिपून घेई. ते जिल्ह्यावरून मुंबईस जाई आणि तेथे त्याचा गोषवारा तयार होई. चळवळीवर नजर ठेवण्यासाठी लिहिलेले कागद आज तिच्याच इतिहासाचे साधन होऊन बसले आहेत.

हा पहारा कशासाठी होता? महाडचेच पाहा. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, असा ठराव मुंबई विधिमंडळाने 1923 सालीच केला होता. महाड नगरपालिकेनेही तो मानला होता. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी अनुयायांसह चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी घेतले, ते त्या ठरावाला धरूनच. तरी मार बसला तो त्यांच्या माणसांना. डिसेंबरात ते पुन्हा निघाले, तेव्हा विरोधकांनी दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम मिळविला. तळे सर्वांचे, हे मुंबई उच्च न्यायालयातून ठरायला 17 मार्च 1937 उजाडला. एका ओंजळीसाठी दहा वर्षे!

नाशिकचीही तीच कथा. 2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दारे आतून बंद, बाहेर पोलिसांचे कडे. सत्याग्रही पकडले जात, शिक्षा भोगत. पाचएक वर्षे हे चालले. दार काही उघडले नाही. सरकारी भाषेत याला ‘शांतताभंगाचा संभव’ म्हणतात. शांतता कोणाची आणि भंग कोणाचा, हे लिहिण्याचा रकाना त्या वहीत नसतो.

असा पहारा केवळ आपल्याकडेच होता असे नाही. 1946 साली बाबासाहेबांनी अमेरिकेतील काळ्या समाजाचे विद्वान नेते डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्य सांगितले होते. त्याच डुबॉइसांवर 1951 साली, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, शांततेच्या प्रचाराबद्दल परकीय हस्तक म्हणून खटला झाला; हातात बेड्या पडल्या. ते निर्दोष सुटले. पुढे अमेरिकेच्या मध्यवर्ती तपास खात्याने काळ्या पुढाऱ्यांच्या आणि ब्लॅक पँथर संघटनेच्या मागे गुप्त मोहीमच लावली. 8 मार्च 1971 च्या रात्री पेनसिल्व्हेनियातील मीडिया या गावी काही नागरिकांनी त्या खात्याच्या छोट्या कचेरीतून दफ्तर पळविले आणि कागद वर्तमानपत्रांकडे धाडले, तेव्हा जगाला त्याचा सुगावा लागला. पुढच्याच वर्षी मुंबईतील दलित तरुणांनी आपल्या संघटनेला नाव दिले दलित पँथर.

दर 14 एप्रिलला आमच्या मनावरहून निळे झेंडे लावलेल्या गाड्या महूला, बाबासाहेबांच्या जन्मस्थानी जातात. 2020 साली टाळेबंदीमुळे रस्ते ओस होते. नेमक्या त्याच दिवशी बाबासाहेबांचे नातजावई, विचारवंत आनंद तेलतुंबडे एल्गार परिषद प्रकरणात राष्ट्रीय तपास यंत्रणेपुढे हजर झाले आणि अटकेत गेले. आता वहीची जागा संगणकाने घेतली आहे. सहआरोपी रोना विल्सन यांच्या संगणकात काही कागद बाहेरून घातले गेले, असा निष्कर्ष बचाव पक्षाच्या सांगण्यावरून तपासणी करणाऱ्या अमेरिकन संस्थेने 2021 साली मांडला. तपास यंत्रणेने तो मानला नाही. तेलतुंबडे यांनी दहशतवादी कृत्य केल्याचा पुरावा सकृद्दर्शनी दिसत नाही, असे म्हणत मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. 26 नोव्हेंबर 2022 रोजी, संविधान दिनी, ते तळोजा कारागृहाबाहेर आले. मधली अडीच वर्षे कोणत्या खाती जमा करायची?

माळव्यातल्या जुन्या वाड्यांच्या माळ्यावर अजून पत्र्याच्या पेट्या आहेत. वाचकहो, त्या वाळवीच्या स्वाधीन करण्यापूर्वी एकदा उघडून पाहा. एखाद्या पाणी मागणाऱ्याचे, रस्ता मागणाऱ्याचे नाव ‘संशयित’ म्हणून आपल्याच घरातल्या वळणदार मोडीत लिहिलेले त्यांत सापडेल. सापडले तर ते झाकू नये. त्याच्या नातवंडांना आपला आजा काय मागत होता, हे कळण्याचा कदाचित तेवढाच कागद उरला असेल.