कोळंबीसोबतचा लाल सॉस : घरच्या सामानातून उभा राहणारा जोडधंदा

चौल, रेवदंडा, नागाव, काशीद या किनाऱ्यावर मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांचा ओघ जुनाच आहे. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी वाहून आणणारी रो-रो बोट सुरू झाली आणि त्यांची वाट आणखी सोपी झाली. हे पाहुणे समुद्र पाहायला येतात आणि मासळी खायला बसतात. मासळी आपल्या बंदरातली, रांधणारे हात आपले. पण उकडलेल्या कोळंबीसोबत काही जण जो लाल, आंबट-तिखट ‘कॉकटेल सॉस’ मागतात, त्याची महागडी बाटली शहरातून आणावी लागते. हा सॉस घरी कसा करावा, त्यात हलाल-हरामचा प्रश्न कुठे येतो आणि विकायचा झाल्यास काय सांभाळावे, हे आज आम्ही व्यापारी बांधवांपुढे मांडत आहोत.

परक्या मुलखाचा माल आणि परकी चव चौलला नवी नाही. हिजरी ३०४ च्या, म्हणजे इ. स. ९१६ च्या सुमारास इतिहासकार अल-मसूदी येथे आला, तेव्हा हे बंदर ‘सैमूर’ या नावाने ओळखले जाई. सीराफ, ओमान, बसरा व बगदाद येथून आलेले सुमारे दहा हजार मुसलमान येथे राहतात आणि त्यांच्या प्रमुखाला ‘हुनरमन’ म्हणतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. पुढे १५२१ पासून १७४० पर्यंत पोर्तुगीज येथे ठाण मांडून होते. अमेरिका खंडातली मिरची हिंदुस्थानात आली ती पोर्तुगीजांच्याच जहाजांतून. आज मिरचीला कोणी परकी म्हणत नाही. तीच गोष्ट या सॉसची होऊ शकते.

नावाने बिचकू नका

‘कॉकटेल’ म्हटले की दारू आठवते, म्हणून काही भाविक मंडळी या सॉसला हात लावत नाहीत. अमेरिकेत कालवे व कोळंबी पेल्यात घालून, वर हा सॉस ओतून देत. त्यावरून हे नाव पडले. मूळ कृतीत दारू नाही. टोमॅटो केचप, हॉर्सरॅडिश नावाच्या झणझणीत मुळाचा कीस, लिंबाचा रस, थोडा वूस्टर सॉस आणि तिखट, एवढेच त्यात असते. ब्रिटनमध्ये कोळंबीवर घालतात तो गुलाबी सॉस निराळा. त्यात मेयोनेझ असते. घरच्या मेयोनेझमध्ये कच्चे अंडे येते आणि आपल्या दमट उन्हाळ्यात ते धोक्याचे आहे. धंद्यासाठी लाल सॉसच बरा.

तरीही दोन ठिकाणी डोळे उघडे ठेवावेत. पहिले, सिरका. सिरक्याची प्रशंसा हदीसमध्ये आलेली आहे. दारू आपोआप आंबून सिरका झाली तर तो हलाल, यावर एकमत आहे. पण त्यात काही मिसळून सिरका केला असेल तर शाफई मत त्याला परवानगी देत नाही, हनफी मत देते. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई असल्याने, ज्यावर द्राक्षाच्या दारूपासून केल्याचे लिहिले आहे असा सिरका टाळून उसाचा सिरका घ्यावा. शंका असल्यास आपल्या आलिमांना विचारावे. दुसरे, वूस्टर सॉस. इंग्लंडमध्ये १८३७ पासून विकल्या जाणाऱ्या या सॉसमध्ये सिरका, चिंच, गूळकाकवी आणि मुरवलेली छोटी मासळी असते. यातली चिंच आणि गूळ तर आपल्याच घरात आहेत. तेव्हा बाटली आणण्याचे कारण नाही.

गिऱ्हाइकाचा विचारही करावा. शाफईंना समुद्रातले खाणे हलाल आहे. हनफींमध्ये चिंबोरी व कालवे चालत नाहीत आणि कोळंबीबाबत आलिमांत मतभेद आहेत. त्यामुळे सॉसमध्ये मासळीचा अंश न घालणे सोयीचे. तो तळलेल्या सुरमईबरोबरही जातो आणि शाकाहारी गिऱ्हाईकही घेते.

झणझणीतपणाचे गुपित

हॉर्सरॅडिश आपल्या बाजारात सहज मिळत नाही आणि येथेच बहुतेकांचे पाऊल अडते. वास्तविक त्याचा नाकात जाणारा झणका ज्या द्रव्यामुळे येतो, तेच द्रव्य आपल्या काळ्या मोहरीतून निघते. लोणच्यासाठी मोहरी फेसणाऱ्या आपल्या आया-बहिणींना ही विद्या पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे.

अख्ख्या मोहरीपेक्षा लोणच्याची मोहरीची डाळ घ्यावी. साल नसल्याने कडवटपणा कमी येतो. डाळ बारीक कुटून थंड पाण्यात फेसावी आणि दहा मिनिटे झाकून ठेवावी. पाणी लागल्यावरच झणका तयार होतो, म्हणून हा वेळ द्यायला हवा. पाणी गरम असेल तर तो तयारच होत नाही. दहा मिनिटांनंतर लिंबाचा रस घातला की झणका टिकतो. लिंबू आधीच घातले तर तो मंद राहतो. हॉर्सरॅडिशच्या किसाचा रवाळपणा हवा असेल तर पांढरा मुळा किसून, पिळून मिसळावा.

कृती आणि प्रमाण

प्रथम टोमॅटोचा पाया करावा. पिकलेले लाल टोमॅटो २ किलो, एक कांदा व लसणाच्या ६ पाकळ्या चिरून मऊ शिजवाव्यात आणि चाळणीतून गाळाव्यात. कांदा अलिबागचा पांढरा मिळाला तर उत्तम. त्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि त्याची चव गोडसर असते. गाळलेला रस स्टीलच्या पातेल्यात ठेवावा. अॅल्युमिनियम किंवा बिनकल्हईचे पितळ वापरू नये, आंबट रसाने धातू उतरतो. दालचिनी, ४ लवंगा व १० मिऱ्यांची पुरचुंडी त्यात सोडून रस एक तृतीयांश होईपर्यंत मंद आचेवर आटवावा. शेवटी साखर १०० ग्रॅम, मीठ दोन सपाट चहाचे चमचे, मिरचीपूड एक चमचा आणि सिरका १०० मिलिलिटर घालून पाच मिनिटे उकळावे. बशीत थेंब टाकल्यावर भोवती पाण्याचे वर्तुळ दिसले नाही, की पाया तयार झाला.

मग सॉस जुळवावा. हा पाया २०० ग्रॅम, फेसलेली मोहरी दोन मोठे चमचे, लिंबाचा रस दोन मोठे चमचे, चिंचेचा दाट कोळ दोन चहाचे चमचे, त्यात विरघळवलेला सुपारीएवढा गूळ, हवा असल्यास मुळ्याचा कीस दोन मोठे चमचे आणि चवीपुरते मीठ एकत्र करून तासभर फ्रिजमध्ये ठेवावे. कोळंबी मिठाच्या उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटेच ठेवून लगेच गार पाण्यात काढावी. जास्त शिजली तर ती चिवट होते.

धंदा करायचा तर

येथे आमची एक सूचना आहे : पाया आणि झणका वेगळे ठेवा. टोमॅटोचा पाया आंबट आणि शिजलेला असल्याने टिकतो. उकळून निर्जंतुक केलेल्या काचेच्या बाटलीत तो कढत असतानाच भरून झाकण घट्ट लावावे. आंबटपणा डोळ्यांनी कळत नाही, त्यासाठी पीएच मोजण्याचे छोटे यंत्र घ्यावे आणि तो ४ च्या खाली ठेवावा. मोहरी व कच्चा मुळा घातलेला सॉस मात्र टिकाऊ समजू नये. तो फ्रिजमध्येच राहील आणि दोन-तीन दिवसांत संपेल एवढाच करावा. मोहरीचा जोरही दिवसागणिक उतरतो. खानावळींना आठवड्याच्या पाहुण्यांचा अंदाज घेऊन ताजा द्यावा.

टोमॅटोचा भाव हा या धंद्यातला खरा जुगार आहे. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या वर गेला होता. उलट आवक वाढली की शेतकऱ्याला तो रस्त्यावर ओतावा लागतो. नारायणगावसारख्या बाजारात माल स्वस्त असेल तेव्हा पाया करून ठेवणारा टिकतो. दर ठरवताना टोमॅटो आणि साखरेबरोबर गॅस, बाटली, फूट-तूट आणि घरातल्या बायकांची मेहनत हेही धरावे. घरची मेहनत फुकट मानली म्हणून अनेक घरगुती धंदे बुडाले.

कागदपत्रे टाळू नयेत. पूर्वी अशा मालाला १९५५ च्या फळ उत्पादन आदेशाचा परवाना लागे. आता २००६ चा अन्न सुरक्षा कायदा लागू आहे. २०११ च्या नियमांत वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांसाठी साध्या नोंदणीची सोय ठेवली होती. अर्ज करण्यापूर्वी चालू मर्यादा व शुल्क पाहून घ्यावे. बाटलीवर घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, किती दिवसांत वापरावे, किंमत, पत्ता, नोंदणी क्रमांक आणि हिरवे चिन्ह असावे. वूस्टर सॉस घातला असेल तर त्यात मासळी असल्याने हिरवे चिन्ह लावता येणार नाही. शाकाहारी गिऱ्हाइकाची ती फसवणूक ठरेल.

माप-तोलात कमी देणाऱ्यांना कुरआनने सूरह मुतफ्फिफीनमध्ये कडक ताकीद दिली आहे. दोनशे ग्रॅम लिहिले तर दोनशेच भरावे, आणि सिरका कशाचा आहे हे कोणी विचारले तर छातीठोकपणे सांगता यावे. सुरुवातीला दहा बाटल्या कराव्यात, ओळखीच्या दोन खानावळींना द्याव्यात आणि रिकाम्या बाटल्या परत येताना लोक काय म्हणतात ते ऐकावे. चव आणि सचोटी दोन्ही टिकली तर या छोट्या धंद्यात बरकत आहे, इन्शाअल्लाह.