श्रीरामपूरच्या झहीरचा दुसरा चढ

श्रोते हो, खेळात वर चढणे कठीण, हे आपण जाणतोच. पण एकदा खाली आल्यावर पुन्हा चढणे त्याहून कठीण. पहिल्या वेळी आपल्याकडे कोणाचे लक्ष नसते. दुसऱ्या वेळी जो तो बघत असतो. आपल्याच जिल्ह्यातल्या एका खेळाडूने हा दुसरा चढ कसा चढला, ते आज पाहू.

झहीर खानचा जन्म श्रीरामपूरचा, 1978 सालचा. पुढे तो मुंबईत सुधीर नाईक यांच्या नॅशनल क्रिकेट क्लबकडून खेळला आणि 2000 साली भारताच्या कसोटी संघात आला. डावखुरा, वेगवान गोलंदाज. डिसेंबर 2003 मध्ये ब्रिस्बेनला त्याने एका डावात पाच बळी घेतले, पण लगेच मांडीच्या स्नायूने दगा दिला. मग कधी दुखापत, कधी संघात, कधी बाहेर. 2006 च्या आरंभीच्या पाकिस्तान दौऱ्यानंतर जागाच गेली.

अशा वेळी माणूस काय करतो? कोणी रुसून बसतो, कोणी निवड समितीला बोल लावतो. झहीर इंग्लंडला वूस्टरशायर काउंटीच्या संघात दाखल झाला. काउंटी म्हणजे तिकडचा परगणा. परगण्यांचे चार-चार दिवसांचे सामने एप्रिल ते सप्टेंबर चालतात. बरं, वूस्टरशायर त्या वर्षी वरच्या गटातही नव्हते, दुसऱ्या गटात होते! भारताचा कसोटीवीर आपण होऊन खालच्या पायरीवर जाऊन उभा राहिला.

त्याने तिथे काय मिळवले? पहिली गोष्ट म्हणजे भरपूर काम. एक सामना संपला की दुसरा उभा. अशा हंगामात नुसत्या जोरावर निभत नाही. कोणती हालचाल फुकट जाते, हे शरीरच सांगू लागते. झहीरने धावत येण्याचे अंतर कमी केले. वेगाचा सोस सोडून ताबा धरला. दुसरी गोष्ट तिथला ड्यूक चेंडू. तो हाताने शिवलेला, शिवण चांगली वर आलेली. हात सरळ राहिला तर तो बराच वेळ हवेत वळतो.

फळ लगेच दिसले. पहिल्याच सामन्यात दहा बळी. एसेक्सविरुद्ध एका डावात नऊ. हंगामाअखेर 78 बळी, आणि वूस्टरशायर वरच्या गटात!

डिसेंबर 2006 मध्ये जोहान्सबर्गला भारताने दक्षिण आफ्रिकेत पहिली कसोटी जिंकली, तेव्हा झहीर संघात होता. 2007 च्या जुलैत नॉटिंगहॅमला त्याने 59 धावांत चार आणि 75 धावांत पाच बळी घेतले. सामनावीर तोच ठरला. त्या विजयावर भारताने 1986 नंतर प्रथमच इंग्लंडमधली मालिका जिंकली. 2011 च्या विश्वचषकात त्याचे 21 बळी. 2015 साली तो निवृत्त झाला, तेव्हा कसोटी बळींचा आकडा 311 होता.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, तालुक्याच्या संघातून वगळलेला एखादा मुलगा मान खाली घालून वर्गात बसला असेल, तर त्याला या 311 पेक्षा त्या 78 बळींची गोष्ट आधी सांगा. तेव्हा त्याच्याकडे टाळ्या नव्हत्या, कॅमेरे नव्हते. रोजचे काम तेवढे होते. खालच्या पायरीवर उभे राहण्यात कमीपणा नाही. तिथे नुसते बसून राहण्यात आहे.