वडिलांच्या हातातली गाडीची किल्ली

गेल्या वर्षी दिवाळीनंतर सत्त्याहत्तर वर्षांचे एक निवृत्त मुख्याध्यापक आपल्या मुलाबरोबर दवाखान्यात आले. लायसेन्सच्या नूतनीकरणासाठी त्यांना डॉक्टरी दाखला हवा होता. मुलगा मात्र मला बाजूला घेऊन म्हणाला, "डॉक्टर, तेवढी सही करू नका. अण्णा आमचं ऐकत नाहीत. मागं स्कूटरची किल्ली लपवली, तर दोन दिवस जेवले नाहीत."

असा प्रसंग आता पुष्कळ घरांत येतो. आपल्या सातारा-सांगलीकडे वडीलधाऱ्यांची गाडी म्हणजे मंडई, बँक, मळ्यावरची फेरी आणि मित्रांची बैठक. किल्ली काढून घेतली की हे सारे एका दिवसात बंद होते. पुष्कळ वृद्ध त्यानंतर घरातच बसून खचतात. म्हणून हा प्रश्न दटावून सोडवू नये.

प्रथम हे लक्षात घ्यावे की नुसते वय पाहून गाडी बंद करणे योग्य नाही. पाहायची ती क्षमता. उतारवयात डोळ्यांची बाहुली लहान होते, त्यामुळे अंधारात कमी दिसते. मोतीबिंदू असेल तर समोरच्या दिव्याने डोळे दिपतात. गळीत हंगामात मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली अशा वेळी अगदी जवळ आल्यावरच दिसते. काचबिंदूत बाजूचे दिसणे कमी होते आणि रुग्णाला त्याचा पत्ताही नसतो. मान आखडल्याने मागे वळून पाहता येत नाही. जुन्या मधुमेहात तळपाय बधिर होतात, मग ब्रेकवर पाय नेमका किती दाबला ते कळत नाही.

औषधांचाही विचार करावा. झोपेच्या आणि काही सर्दीच्या गोळ्यांनी गुंगी येते. रक्तदाबाच्या व प्रोस्टेटच्या काही औषधांनी चक्कर येऊ शकते. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेऊन जेवण लांबले, तर साखर एकदम उतरते. घाम येतो, हात कापतात, भान हरपते. अशी लक्षणे जाणवताच गाडी बाजूला थांबवून साखर खावी. औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये.

घरच्यांनी पुढील खुणांकडे लक्ष द्यावे: गाडीवर नवे ओरखडे, नेहमीचा रस्ता चुकणे, हॉर्न ऐकू न येणे, वारंवार तोल जाणे, सिग्नल उशिरा लक्षात येणे. ओळखीचा रस्ता चुकत असेल तर विस्मरणाच्या विकाराची तपासणी करून घ्यावी आणि तोवर गाडी पूर्ण बंद ठेवावी. असा विकार ठरला तर माणसाला स्वतःची चूक उमगत नाही; तेथे वाद न घालता गाडीच घरातून हलवणे बरे.

कायद्यानुसार वयाच्या ५५ वर्षांनंतर लायसेन्स पाच वर्षांसाठी मिळते आणि त्यासाठी डॉक्टरचा 'नमुना १-अ' दाखला लागतो. चांगल्या उजेडात २५ मीटरवरून, म्हणजे सुमारे ८० फुटांवरून, मोटारीची नंबरप्लेट ओळखता येते का, हे त्यात नमूद करावे लागते. चष्मा लावून ही परीक्षा घरच्या दारातही घेता येते. ओळखीचे डॉक्टर आहेत म्हणून न तपासता सही मागू नये; आम्हीही ती देऊ नये.

बोलणे कसे काढावे? चार पाहुण्यांसमोर नको, अपघाताच्या दुसऱ्या दिवशी रागात नको. ज्याचा शब्द ते मानतात अशा एकाने शांतपणे बोलावे. आधी रात्रीची गाडी सोडावी, मग हमरस्ता आणि घाट, मग गर्दीची वेळ. मात्र धोका उघड दिसत असेल तर पायऱ्या करत बसू नये. प्रत्येक पायरीला पर्याय ठरवून द्यावा: मंगळवारी बँकेत कोण नेणार, ठरलेली रिक्षा कोणती, भाड्याचे पैसे त्यांच्याच हाती. गावाहून गावी जायला ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एस.टी.चा प्रवास मोफत आहे.

गाडी सोडणे मोठमोठ्यांनाही जड जाते. इंग्लंडच्या राणीचे पती प्रिन्स फिलिप यांनी जानेवारी २०१९ मध्ये अपघात झाल्यावर, पुढच्या महिन्यात लायसेन्स परत केले. तेव्हा ते ९७ वर्षांचे होते. अपघाताची वाट न पाहणे शहाणपणाचे.

आमच्या अण्णांना तपासले तेव्हा दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. सही थांबवली आणि शस्त्रक्रियेला पाठवले. नजर सुधारली, पण मधुमेहाने बधिर झालेले पाय तसेच राहिले. डोळे मिटवून त्यांच्या अंगठ्याला कापूस लावला. त्यांना स्पर्श कळला नाही. मग मी म्हटले, "गुरुजी, आता तुम्हीच गुण द्या." ते बराच वेळ गप्प बसले. शेवटी म्हणाले, "नापास."

दाखला मी दिला नाही. मुलाला मात्र वेगळी चिठ्ठी लिहून दिली: रोज सायंकाळी पाच वाजता अण्णांना मित्रांच्या बैठकीला पोचवणे. औषधाइतकेच नियमित. आता कॉलेजातली नात त्यांना स्कूटरवर मागे बसवून नेते. दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट असते.