मूळव्याधीची शस्त्रक्रिया : घरीं आल्यानंतर

ज्या दुखण्याचें नांव चारचौघांत घेण्यास संकोच वाटतो, त्याविषयींचें अज्ञान घराघरांत फार दिवस टिकून राहतें. मिलिगन व मॉर्गन या लंडनच्या शस्त्रवैद्यांनीं १९३७ सालीं वर्णिलेली कोंब कापून काढण्याची पद्धति आजही प्रचारांत आहे; परंतु रोगी घरीं आल्यावर त्याच्या यातना कशा कमी कराव्या, हें पुष्कळ घरांत कोणी विचारीत नाहीं, आणि रोगीही सांगत नाहीं.

आम्हीं पाहिलें आहे कीं, रोग्यास जखमेपेक्षां पहिल्या शौचाचीच धास्ती अधिक. तो जेवण तोडतो, पाणी तोडतो, वेग आवरून धरतो. मग मल कठीण होऊन ज्याची भीति, तेंच पुढें उभें राहतें. शिवाय गुदद्वाराचा आंतील स्नायु आपल्या इच्छेच्या ताब्यांतला नव्हे; जखमेच्या कळेनें तो आवळला जातो, आणि आवळल्यानें कळ वाढते.

म्हणून वेदनाशामक औषध कळ असह्य होण्याची वाट न पाहतां पहिले कांहीं दिवस ठरल्या वेळीं घ्यावें. पॅरासिटामोल बहुतेकांस चालतें. आयबुप्रोफेनसारखें औषध मात्र मूत्रपिंडाचा विकार, जठराचा व्रण किंवा दमा असणारांनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून घेऊं नये. अफूच्या वर्गांतील औषधें कळ थांबवितात खरीं, पण कोठाही बांधतात. तीं घेणें भागच पडलें तर सोबत सारक हवेंच. स्नायु सैल करणारें डिल्टियाझेमचें मलमही कित्येकांस लिहून देतात.

इसबगोल भरपूर पाण्याबरोबर घ्यावा. पाणी कमी पडल्यास तोच अडथळा होतो. या दिवसांत एकादशी आली तर ती खुशाल सोडावी, साबुदाण्यानें कोठा साफ होत नाहीं! शौचानंतर व एरव्हींही दिवसांतून दोनतीन वेळां, पसरट टबांत सोसवेल इतक्या कोमट पाण्यांत दहापंधरा मिनिटें बसावें. पुष्कळांस यानें लगेच आराम वाटतो. पाण्यांत जंतुनाशक घालण्याची गरज नाहीं. विटेचा शेक मात्र नको.

बहुधा पहिला आठवडा कठीण जातो, पुढें कळ ओसरत जाते. जखम पुरती भरण्यास कित्येक आठवडे लागतात. शौचाच्या वेळीं थोडें रक्त दिसल्यास घाबरूं नये. पण लघवी अडली, ताप आला, कळ उतरण्याऐवजीं वाढूं लागली, किंवा आठदहा दिवसांनीं एकाएकीं पुष्कळ रक्त जाऊं लागलें, तर सकाळची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें.