वृत्तपत्राच्या मेजावर जन्मलेली स्पर्धा : युरोपियन चषकाचा पहिला हंगाम, 1955-56

युरोपातील क्लब फुटबॉलची जी स्पर्धा आज चॅम्पियन्स लीग या नावाने ओळखली जाते, तिचा आरंभ कोणत्याही क्रीडा महासंघाच्या ठरावातून झाला नाही. तो एका फ्रेंच क्रीडा दैनिकाच्या कचेरीत, एका इंग्रज बढाईला दिलेल्या उत्तरातून झाला. 13 डिसेंबर 1954 च्या रात्री मोलिन्यू मैदानावर वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्स (वुल्व्ह्ज) या इंग्लिश विजेत्या क्लबाने, दोन गोलांनी मागे पडूनही, चिखल झालेल्या मैदानावर बुडापेस्टच्या होनव्हेदला 3-2 असे हरवले. हा सामना प्रकाशझोतात, म्हणजे मैदानाभोवती उंच खांबांवर लावलेल्या विजेच्या दिव्यांच्या उजेडात खेळला गेला. पुश्काश, कोचिश आणि बोझिक हे नामांकित खेळाडू होनव्हेदचेच होते, आणि त्यांच्या हंगेरीने वर्षभराच्या आत इंग्लंडला आधी वेम्ब्लीवर 6-3 आणि मग बुडापेस्टमध्ये 7-1 असे लोळवले होते. त्या दोन पराभवांचे ओझे एका रात्रीत उतरल्यासारखे वाटून इंग्लिश वृत्तपत्रांनी वुल्व्ह्जना जगज्जेते ठरवून टाकले.

पॅरिसच्या ‘लेकिप’ दैनिकातील गॅब्रिएल आनो यांनी हा दावा मान्य केला नाही. आनो स्वतः एके काळी फ्रान्सकडून खेळलेले होते, आणि त्यांचा आक्षेप साधा होता : वुल्व्ह्जनी मॉस्को आणि बुडापेस्टला जाऊन जिंकावे, मिलान आणि माद्रिद यांच्याशीही दोन हात करावेत, मग जगज्जेतेपदाची भाषा बोलावी. त्यांचे सहकारी झाक फेरान यांच्यापुढे 1948 साली सांतियागो येथे भरलेल्या आणि ब्राझीलच्या वास्को द गामाने जिंकलेल्या दक्षिण अमेरिकी विजेत्या क्लबांच्या स्पर्धेचा नमुना होताच. युरोपातही तशी स्पर्धा भरावी आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी, कामगारवर्ग घरी परतल्यावर, दिव्यांच्या उजेडात तिचे सामने व्हावेत ही कल्पना खेळाच्या हिताची होती, आणि रविवारच्या सामन्यांवर जगणाऱ्या क्रीडा दैनिकाला बुधवार-गुरुवारचा खप मिळवून देणारीही होती. या दोन हेतूंची फारकत करण्याचा प्रयत्न त्या काळच्या कोणी केला नाही, आणि आता तो करण्यातही फारसा अर्थ नाही.

जून 1954 मध्ये बाझल येथे स्थापन झालेली युएफा, म्हणजे युरोपातील राष्ट्रीय फुटबॉल संघटनांची शिखर संस्था, या वेळी जेमतेम काही महिन्यांची होती. तिचे सरचिटणीस आन्री दलोने यांचा ओढा राष्ट्रीय संघांच्या स्पर्धेकडे होता, त्यामुळे क्लबांची स्पर्धा भरवणे हे आपले काम नव्हे अशीच संस्थेची प्रथम भूमिका राहिली. तेव्हा ‘लेकिप’ने क्लबांनाच थेट आमंत्रणे धाडली आणि 2 व 3 एप्रिल 1955 रोजी पॅरिसच्या अँबॅसॅडर हॉटेलात बैठक भरवून नियम मंजूर करून घेतले. फ्रँकोच्या स्पेनमधील रेआल माद्रिदचे अध्यक्ष सांतियागो बेर्नाबेऊ आणि साम्यवादी हंगेरीचे गुस्ताव शेबेश हे स्पर्धेच्या समितीत शेजारी बसले, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. स्पर्धा आपल्या हाताबाहेर जाते आहे हे पाहून फिफा या जागतिक संघटनेने मे महिन्यात तिला सशर्त मान्यता दिली. युएफानेच ती चालवावी आणि प्रत्येक क्लबाने आपल्या राष्ट्रीय संघटनेची परवानगी घ्यावी, या त्यातल्या मुख्य अटी होत्या. जूनमध्ये युएफाने, काहीशा नाइलाजाने, कारभार स्वीकारला.

स्पर्धेच्या अधिकृत नावात ‘विजेते क्लब’ असे शब्द असले तरी पहिल्या वर्षीच्या सोळा संघांपैकी सगळेच आपापल्या देशाचे विजेते नव्हते, कारण निवड गुणतक्त्यावरून न होता प्रेक्षक खेचण्याच्या ताकदीवरून झाली होती. स्कॉटलंडचा विजेता ॲबर्डीन होता, पण बोलावणे एडिनबराच्या हिबर्नियनला आले. कारण त्यांच्या मैदानावर प्रकाशझोत होते. इंग्लंडचा नवा विजेता चेल्सी खेळायला तयार होता, परंतु देशी सामन्यांच्या वेळापत्रकात अडथळा नको म्हणून फुटबॉल लीगने त्याला माघार घ्यायला लावली आणि त्याची जागा वॉर्साच्या ग्वार्दियाने घेतली. ज्या देशाच्या फुशारकीतून स्पर्धा जन्मली तोच देश तिच्या पहिल्या पानावर नाही. होनव्हेदऐवजी हंगेरीतून आला तो एमटीके, ज्याचे नामांतर नव्या राजवटीने ‘व्होरोश लोबोगो’, म्हणजे शब्दशः ‘लाल बावटा’, असे करून ठेवले होते. सर्वांत विलक्षण सहभागी मात्र सारब्रुकेन हा होता. युद्धानंतर फ्रान्सच्या छत्राखाली जर्मनीपासून वेगळ्या ठेवलेल्या सारलँडला फिफाचे स्वतंत्र सदस्यत्व होते, आणि त्या नात्याने हा क्लब एका ‘देशा’चा प्रतिनिधी म्हणून मिलानच्या मैदानावर उतरून 4-3 असा जिंकला. त्याच शरद ऋतूत सारलँडच्या मतदारांनी वेगळेपणाचा प्रस्ताव फेटाळला आणि 1957 च्या पहिल्या दिवशी तो प्रदेश पश्चिम जर्मनीत सामील झाला.

स्पर्धा बाद पद्धतीची होती. प्रत्येक जोडीने एक सामना स्वतःच्या आणि एक प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर खेळायचा व दोन्हींतील गोलांची बेरीज पाहायची, अशी ही रीत होती. पहिला सामना 4 सप्टेंबर 1955 रोजी लिस्बनमध्ये झाला. स्पोर्टिंगच्या जुआंव मार्टिन्श यांनी स्पर्धेतला पहिला गोल केला आणि बेलग्रेडच्या पार्टिझानने 3-3 अशी बरोबरी साधली. परतीच्या सामन्यात पार्टिझान 5-2 ने जिंकला, त्यात मिलोश मिलुतिनोविच यांचे चार गोल होते. एकूण आठ गोलांसह तेच हंगामात अग्रस्थानी राहिले. मिलानने दुसऱ्या सामन्यात सारब्रुकेनची वाट अडवली. बाकीच्या लढती फारशा अटीतटीच्या झाल्या नाहीत.

उपांत्यपूर्व फेरीत मात्र स्पर्धेचा खरा कस लागला. स्वीडनमधील हिवाळ्यामुळे यूरगॉर्डनला आपला ‘घरचा’ सामनाही स्कॉटलंडमध्येच खेळावा लागला आणि हिबर्नियनने दोन्ही सामने जिंकले. फ्रान्सच्या स्टाड द रँसने लाल बावट्याला 8-6 असे मागे टाकले. सर्वांत अर्थपूर्ण लढत होती ती रेआल माद्रिद आणि पार्टिझान यांची. फ्रँकोचा स्पेन आणि टिटोचा युगोस्लाव्हिया यांच्यात राजनैतिक संबंधच नव्हते, आणि पार्टिझान तर युगोस्लाव्ह सैन्याचा क्लब. तरीही 1955 च्या नाताळच्या दिवशी तो माद्रिदमध्ये खेळला आणि 4-0 ने हरला. जानेवारीअखेर बेलग्रेडच्या बर्फाळ मैदानावर पार्टिझानने 3-0 असे उत्तर दिले. एक गोल आणखी झाला असता तर तटस्थ मैदानावर तिसरा सामना घ्यावा लागला असता. पुढे सलग पाच वर्षे हा चषक जिंकणाऱ्या रेआलची मक्तेदारी त्या दिवशी एका गोलावर तगली होती, आणि तिला नियतीचे लेणे समजणाऱ्या इतिहासकारांनी हा आकडा जवळ ठेवावा. उपांत्य फेरीत मिलानविरुद्धही रेआलची सरशी 5-4 अशी निसटतीच झाली. रँसने हिबर्नियनला 3-0 असे सहज बाजूला केले.

अंतिम सामना 13 जून 1956 रोजी पॅरिसच्या पार्क दे प्रँसवर 38,239 प्रेक्षकांपुढे झाला. लब्लाँ आणि तांप्लँ यांच्या गोलांनी रँस दहाव्या मिनिटालाच 2-0 ने पुढे होता. अल्फ्रेदो दि स्तेफानो यांनी चौदाव्या मिनिटाला आणि एक्तोर रिआल यांनी तिसाव्या मिनिटाला गोल करून बरोबरी केली. मध्यंतरानंतर मिशेल इदाल्गो यांनी रँसला पुन्हा आघाडी दिली, पण पाचच मिनिटांत मार्कितोस या बचावपटूने, ज्याचे काम गोल वाचवण्याचे, स्वतःची जागा सोडून पुढे धाव घेत ती फेडली. 79 व्या मिनिटाला रिआल यांच्या दुसऱ्या गोलाने निकाल 4-3 असा लागला. रँसचे प्रशिक्षक आल्बेर बातो यांच्या संघाचा आत्मा असलेले रेमाँ कोपा त्या दिवशी ज्यांच्याविरुद्ध खेळत होते, त्यांच्याकडेच जाण्याचे त्यांचे आधीच ठरले होते. युरोपातील गुणवत्ता एकाच दारी ओढली जाण्याची ही रीत स्पर्धेइतकीच जुनी आहे.

29 सामन्यांत 127 गोल, म्हणजे सामन्यामागे चाराहून अधिक, हा त्या हंगामाचा हिशेब. विजेत्यांच्या हाती आलेला चषकही ‘लेकिप’नेच दिलेला होता. पुढच्या हंगामात संघांची संख्या 22 वर गेली. लीगचा विरोध असतानाही व्यवस्थापक मॅट बझ्बी यांनी मँचेस्टर युनायटेडला या वेळी मैदानात उतरवले, आणि युनायटेडने घरच्या पहिल्याच सामन्यात ब्रसेल्सच्या अँडरलेख्टचा 10-0 असा धुव्वा उडवला. तो सामना मात्र त्यांना शेजारच्या मँचेस्टर सिटीचे मेन रोड मैदान मागून घेऊन खेळावा लागला, कारण ओल्ड ट्रॅफर्डवर अजून दिवे लागायचे होते.